स्वस्तातलं रोप जगत नाही का?

पत्र: ताई, आम्ही वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या वर्षापासून पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवसांचा रोपांचा सेल भरतो. तीन-चार नर्सरीवाले टेम्पो घेऊन येतात. गेल्या जूनमध्ये मी तिथून सात झाडं आणली: कॅलेथिया २५०, हंसराजाचा फर्न १५०, लाल डोक्याचं निवडुंग १८०, रोजमेरी १५०, पीस लिली १८०, स्नेक प्लांट १२० आणि मनी प्लांट ६० रुपये. आज त्यातले स्नेक प्लांट आणि मनी प्लांट एवढेच उरलेत. पीस लिली तर आत्ता मे महिन्यात गेली. तिने मान टाकली म्हणून रोज पाणी घालत होते, तरी गेली. कुंडी अजून गॅलरीत तशीच आहे, टाकवत नाही. नवरा म्हणतो, सेलमधला माल असाच असतो, रविवारी रात्री गाशा गुंडाळून जातात, मेलं तर विचारणार कुणाला? येत्या शनिवार-रविवारी परत सेल आहे. १,००० रुपये बाजूला काढलेत. हॉलची खिडकी पूर्वेला, बेडरूमची पश्चिमेला. दीड वर्षाची मुलगी आहे. घ्यावीत का झाडं? आणि काय बघून घ्यावीत? सासूबाई म्हणतात, मनी प्लांट विकतचा लाभत नाही, दुसऱ्याच्या दारातून न विचारता आणलेलाच लाभतो. त्याचंही सांगा.
— एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर:

घ्या. नक्की घ्या. पण त्याआधी तुम्ही स्वतःच लिहून पाठवलेली यादी एकदा माझ्याबरोबर वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आकड्यांतच आहे.

सात झाडांचे १,०९० रुपये झाले. गेलेली पाच झाडं ९१० रुपयांची होती आणि जगलेली दोन १८० रुपयांची. यादीतली सगळ्यात स्वस्त दोन झाडंच जगली. तुमचे यजमान म्हणतात तसं ‘सेलमधला माल’ हे कारण असतं, तर ६० रुपयांचा मनी प्लांट सगळ्यात आधी जायला हवा होता. तो तर वर्षभर टिकलाय.

हा योगायोग नाही. रोपाचा भाव ठरतो तो एका रोपाची दहा रोपं करायला नर्सरीवाल्याला किती दिवस आणि किती खटपट लागते यावर. मनी प्लांटच्या वेलीला प्रत्येक पेरापाशी मुळाचा एक बारीक कोंब आधीच असतो. वेल कापली, एकेक पेर मातीत खोचलं, वर हिरवी जाळी बांधली, की तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. मूळचा हा वेल प्रशांत महासागरातल्या बेटावरचा, पण आपल्याकडे आंब्याच्या खोडावर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात. जे झाड इतक्या सहज रुजतं, ते नर्सरीवाला ६० रुपयांत देऊ शकतो, आणि त्याच कारणाने ते तुमच्या हॉलमध्येही जगतं. उलट कॅलेथियाचे गड्डे सोडवून रोपं करायची तर वेळ जातो, नाहीतर ती प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने करतात. मग ती शेडनेटमध्ये, दिवसातून चार वेळा तुषार मारून वाढवायची. त्या २५० रुपयांत लाडाकोडाचा खर्च आहे, आणि तुमच्या दारात पाऊल टाकलं की ते लाड बंद होतात.

या नियमाला अपवाद आहेत. झीझी प्लांट फार सावकाश वाढतो म्हणून महाग मिळतो, आणि तरी तो चिवट आहे, कारण मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद पाणी साठवून ठेवतात. पण हजार रुपये खिशात असलेल्या माणसाला हा नियम बराच उपयोगी पडतो.

आता ती पाच झाडं का गेली ते बघू. तुम्ही पत्रात स्वतःला दोष दिलेला नाही, पण ‘माझ्या हातून’ हे शब्द दोनदा लिहून खोडलेत, ते मला दिसले. म्हणून हे नीट सांगते.

लाल डोक्याच्या निवडुंगाचं काय झालं ते तुम्हाला विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. ते एक झाड नाही, दोन आहेत. वरचा लाल गोळा वेगळं निवडुंग आहे आणि त्याच्यात हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःचं अन्न तो करू शकत नाही. म्हणून त्याचं कलम खालच्या तीनधारी हिरव्या खोडावर करतात. ते खोड बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचं असतं. ते खोड दोघांसाठी अन्न करतं. त्याला भरपूर ऊन हवं, वरच्या गोळ्याला कडक ऊन सोसत नाही. चांगली काळजी घेतली तरी ही जोडी फार तर काही वर्षं टिकते. शोभेची वस्तू म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण झाड म्हणून १८० रुपये देऊ नका. त्याच टेबलावर डोक्यावर वाळकं रंगीत फूल असलेली निवडुंगं दिसतील. त्यांतली बरीच फुलं गरम डिंकाने चिकटवलेली असतात. फुलाच्या बुडाशी नख लावून बघा, डिंकाचा पारदर्शक थेंब हाताला लागतो. निळ्या-गुलाबी झगझगीत सक्युलंट्सवर, म्हणजे जाड रसाळ पानांच्या झाडांवर, तर रंगाचा फवारा असतो. मधली कोवळी पानं हिरवी आणि बाहेरची निळी असतील तर तो फवाराच.

रोजमेरी भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरची. तिला दिवसाचं सहा तास ऊन आणि कोरडी हवा लागते. तुम्ही ती जूनमध्ये आणली, म्हणजे पुढचे तीन-साडेतीन महिने पुण्याची ढगाळ, ओली हवा आणि ग्रीलमधून येणारा तेवढाच उजेड. ती दिवाळीनंतर आणली असती तर कदाचित फेब्रुवारीपर्यंत सुखाने राहिली असती.

हंसराज तर आपल्या सह्याद्रीचाच. पावसाळ्यात घाटातल्या पाणी झिरपणाऱ्या दरडींवर त्याची नाजूक, काळ्या देठाची पानं लवलवताना तुम्ही पाहिली असतील. ज्याला अशी दरड लागते, त्याला पंख्याखालचा एक कोरडा दिवसही पुरतो आणि पानं कागदासारखी चुरगळतात. कॅलेथियाचंही तेच: फेब्रुवारी ते मे आपली हवा कोरडी, त्यात बोअरचं जड पाणी. पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, मग पान गुंडाळतं. पीस लिलीचं मी शेवटी सांगते, कारण तिची गोष्ट वेगळी आहे.

म्हणजे चूक झाली ती निवडीत, आणि ती तशी कुणाकडूनही होते. सेलमध्ये सगळी झाडं पार्किंगच्या एकाच ट्यूबलाइटखाली, एका टेबलावर, एकसारखी ताजीतवानी उभी असतात. ऊन मागणारं कुठलं आणि सावलीतलं कुठलं, हे तिथे दिसतच नाही.

म्हणून शनिवारच्या आधी घरी एक काम करा. सकाळी अकराच्या सुमारास हॉलच्या खिडकीत पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वीतभर वर हात धरा. बोटं सुटी सुटी ओळखू येतील अशी रेखीव सावली पडली तर तिथे ऊन आहे. सावली पडली पण कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर तो लख्ख उजेड, आणि बहुतेक घरातल्या झाडांना तोच लागतो. सावलीच पडली नाही तर तिथे काहीही ठेवू नका, कितीही शोभून दिसलं तरी. मग तोच कागद खिडकीपासून चार फूट आत, टीव्हीशेजारी ठेवून बघा. उजेड किती झपाट्याने कमी होतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. पश्चिमेच्या खिडकीत हे दुपारी चार वाजता करा. ती खिडकी पावसाळ्यात सोपी आहे, पण एप्रिल-मेमध्ये तिथे पानं भाजतात. तिथे स्नेक प्लांट, कोरफड, जेड यांच्यापलीकडे जाऊ नका. आत्ता आभाळ भरलेलं असलं तर उन्हाचा एखादा तुकडा मिळेल तेव्हा बघा, पण बघितल्याशिवाय खाली उतरू नका.

आता टेबलाशी. इथे घाई करायची नाही. मागे चार माणसं उभी असली तरी.

आधी रोप उचला. कुंडीच्या आकाराच्या मानाने ते हलकं लागलं तर माती सुकलेली आहे, फार जड लागलं तर पाण्याने थबथबलेली. मग ते डोळ्यांच्या वर धरा आणि कुंडीच्या किंवा काळ्या पिशवीच्या बुडाची भोकं बघा. तिथून पांढरी किंवा पिवळसर, टणक मुळं डोकावत असली तर रोप चांगलं जमलेलं आहे. तपकिरी, मऊ, हाताला चिकटणारी मुळं दिसली किंवा गटारासारखा वास आला, तर ते खाली ठेवा. कितीही स्वस्त असलं तरी.

मग खोड बुडाशी दोन बोटांत धरून अगदी हलकं हलवा. रुजलेलं रोप मातीसकट हलतं. नुसती फांदी हलली आणि माती जागच्या जागी राहिली, तर ती आठ दिवसांपूर्वी खोचलेली कटिंग आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी दाट पानांचा क्रोटन घेतला होता. घरी येऊन पिशवी कापली आणि तो माझ्या हातात आला, बुडाशी तिरका काप, एकही मूळ नाही. पानं त्या फांदीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर हिरवी होती. दोन दिवसांच्या सेलमध्ये असं रोप सहज खपतं, कारण ते दोन दिवस तेवढं टिकतं. तेव्हापासून मी हलवून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

पानं उलटी करून बघा. कीड बहुधा पानाच्या पाठीला आणि देठाच्या बेचक्यात असते. कापसाच्या कणांसारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तो घरात शिरला की सगळ्या कुंड्यांमध्ये पसरतो. पानाच्या पाठीवर बारीक जाळी आणि वरून सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके असले तर ती कोळी नावाची कीड. रोपावर मुंग्यांची रांग चढत असेल तर थांबा, कारण मावा आणि पिठ्या ढेकूण मधासारखा चिकट रस सोडतात आणि मुंग्या त्या रसासाठीच येतात. आणि पान आरशासारखं चमकत असलं तर खूश होऊ नका, चकाकीचा फवारा मारलेला असतो. एखादं खालचं पान पिवळं असणं मात्र अगदी साधं आहे. त्यासाठी रोप नाकारू नका, फार तर दहा रुपये कमी करून मागा. नवं पान कसं निघतंय ते बघा. मधला कोंब ताठ आणि हिरवा असला की बाकीचं सावरतं.

आणि अंगठ्याने माती दाबा. अंगठा आत जात नसेल, माती लाल आणि विटेसारखी घट्ट असेल, तर ते रोप लांबून आलंय. पुण्यातल्या नर्सऱ्यांचा पुष्कळ माल सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनच्या भागातून येतो, आणि पुष्कळसा थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून. गोदावरीकाठचं ते गाव नर्सऱ्यांसाठीच ओळखलं जातं. ट्रकच्या प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून चिकण मातीचा गोळा करतात. प्रवासाला तो चांगला, तुमच्या कुंडीला वाईट. वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने वाहून खालच्या ताटलीत येतं, आपल्याला वाटतं झाड भरपूर प्यालं, आणि आतला गड्डा आठवडाभर कोरडा असतो. एकदा भिजला की मग वाळतच नाही. असं रोप घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण विकणाऱ्याला ‘हे कुठून आलं आणि तुमच्याकडे किती दिवस आहे?’ एवढं विचारा. महिनाभर पुण्याच्या हवेत राहिलेलं रोप आणि परवा ट्रकमधून उतरलेलं रोप, दोन्हींची किंमत सारखी असली तरी माल सारखा नाही. खरा नर्सरीवाला या प्रश्नाने खूश होतो, बोलायला लागतो. त्याच्याकडून घ्या, आणि त्याच्या नर्सरीचा पत्ता व फोन नंबरही मागून घ्या. ‘मेलं तर विचारणार कुणाला’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

भावाचं सांगते. रोपाची किंमत कुंडीवर लावलेल्या चिठ्ठीवरून ठरवू नका. त्या कुंडीत किती जीव आहेत ते मोजा. मनी प्लांटच्या कुंडीत पानांची गर्दी दिसते, पण मातीपाशी बघितलं तर कधी दोनच वेली असतात आणि कधी सहा. स्नेक प्लांटच्या कुंडीत मातीतून वेगवेगळे किती फुटवे निघालेत ते बघा. स्पायडर प्लांटला लोंबती पिल्लं आलेली असली तर ती कुंडी वीस रुपये जास्त देऊनही घ्या, कारण महिनाभरात तिच्या चार होतील.

शनिवारी सकाळी निवड चांगली मिळते, रविवारी संध्याकाळी भाव चांगला मिळतो. उरलेला माल परत टेम्पोत चढवणं कुणालाच नको असतं. चिवट झाडं रविवारी सहानंतर घ्या, त्यांना दोन दिवस पार्किंगमध्ये उभं राहिल्याने काही होत नाही. पातळ पानांचं काही घ्यायचं असेल तर ते शनिवारीच. आणि ६० रुपयांच्या रोपाचे ४० करून मागू नका. त्या साठात फांदी, माती, पिशवी, तीन महिन्यांचं पाणी, टेम्पोचं भाडं आणि त्या माणसाचे दोन दिवस आहेत. चार रोपं एकत्र घ्या आणि ‘दोन किलो गांडूळ खत द्या वर’ म्हणा. ते त्याला परवडतं आणि तुम्हाला लागणारच आहे.

सेलमध्ये पैसे खरे जातात ते कुंडीत. ८० रुपयांचं रोप पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात बसवलं की ४५० चं होतं, आणि त्या भांड्याला बुडाशी भोक नसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बिनभोकाची कुंडी म्हणजे मुळं सडायची हमखास सोय. रोप त्याच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतच घ्या. पुढे हौस वाटली तर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून साधी मातीची कुंडी आणा. माती श्वास घेते, जादाचं पाणी शोषते. तोवर घरातला जुना डबा, तापवलेल्या सळईने बुडाला चार-पाच भोकं पाडून, उत्तम चालतो.

‘हवा शुद्ध करणारं’ अशी पाटी लावून ज्याची किंमत वाढवलीय ते झाडही त्या पाटीसाठी घेऊ नका. या समजुतीचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या अहवालात आहे. ते प्रयोग हवाबंद पेटीत एकेक झाड ठेवून केलेले होते. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा असं दिसलं की उघड्या खिडकीइतकी हवा झाडांनी साफ करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तुमच्या हॉलमध्ये मग सोफा ठेवायला जागा उरणार नाही. झाड बघून मन निवतं, नवं पान उलगडताना मुलगी बोट दाखवते, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता तुमचे हजार रुपये. पहिली चार रोपं तुमच्याकडे आत्ताच आहेत. मनी प्लांटची वेल पेराच्या बोटभर खाली कापा, पेर पाण्यात बुडेल अशी काचेच्या बाटलीत ठेवा, दर चार दिवसांनी पाणी बदला. पावसाळ्यासारखा दुसरा हंगाम नाही, दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतील. स्नेक प्लांट कुंडीतून बाहेर काढून फुटवे मुळांसकट सोडवा. त्याच्या पानाला पिवळी किनार असेल तर पानाचे तुकडे लावू नका. तुकड्यातून रोप येतं, पण ते बिनकिनारीचं, नुसतं हिरवं. किनार टिकवायची तर फुटवाच वेगळा करावा लागतो.

विकत घ्यायची ती अशी: एक स्पायडर प्लांट, एक सिंगोनियम, एक ॲग्लोनेमा आणि परवडला तर छोटा झीझी. कॅलेथियाच्या नक्षीच्या पानांवर तुमचा जीव असणार, यादीत सगळ्यात महाग तेच होतं. ॲग्लोनेमाची नक्षी वेगळी असली तरी तेवढीच देखणी आहे, आणि तो कोरडी हवा सोसतो. जांभळ्या पाठीच्या पानांचा रिओ दिसला तर तोही घ्या. सोसायट्यांच्या बागेत कडेने लावतात म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत, पण पूर्वेच्या खिडकीत सकाळचं ऊन त्याच्या पानांतून आलं की बघत राहावंसं वाटतं. यात साडेपाचशे-सहाशेच्या आसपास जातील. उरलेल्यात कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक वीट, गांडूळ खत, निंबोळी पेंड आणि कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली आणा. तरीही शंभर-दीडशे उरले तर ते ठेवून द्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे नर्सरीवाल्यांचे स्टॉल असतात. तेव्हा हवा छान असते आणि तोवर तुमचा डोळाही तयार झालेला असेल.

मुलगी दीड वर्षाची आहे म्हणून हे आवर्जून: मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनेमा, झीझी, पीस लिली या सगळ्यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूचं कच्चं पान चावल्यावर जिभेला जे होतं तेच इथे होतं, काही झाडांत जास्त. ही सगळी उंचावर किंवा टांगून. पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचा डिफेनबेकिया तर सध्या घरात आणूच नका, त्याने तोंड आणि घसा सुजतो. स्नेक प्लांटही तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, तो पोटात गेला तर उलट्या होतात. तिच्या हाताच्या उंचीवर स्पायडर प्लांट ठेवा. तो ती ओढेल, तोडेल, आणि तो पुन्हा फुटेल.

घरी आणल्यावर नवी रोपं पंधरा दिवस जुन्यांपासून लांब, बाथरूमच्या उजेडाच्या खिडकीत ठेवली तरी चालतील. पहिल्या दिवशी नळाखाली पानांच्या पाठी धुवा. कीड दिसली तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालून, संध्याकाळी फवारा. लगेच कुंडी बदलू नका. जागा बदलल्याचा धक्का त्यांना बसलेलाच असतो, दोन-चार पानं गळतील, गळू देत. नवा कोंब दिसला की मग बदला, आणि मुळांशी लाल मातीचा गोळा असेल तर तो बादलीभर पाण्यात तासभर बुडवून हळूहळू धुऊन काढा. पाण्याचं वेळापत्रक ठेवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हे ‘नाही’ आठ-आठ दिवस येईल. स्नेक प्लांट आणि झीझीला तर तीन आठवडेही.

सासूबाईंचं म्हणणं मी माझ्या आजीकडूनही ऐकलंय. त्यांचा मान राखायचा तर शेजारच्या काकूंकडे जा, त्यांच्या वेलीची एक फांदी मागा आणि तुमच्या स्नेक प्लांटचा एक फुटवा त्यांना द्या. विकतचं नाही, ही सासूबाईंची अट त्यात पाळली जाते. न विचारता मात्र आणू नका, वेल कुणाच्यातरी हातची असते.

राहिली पीस लिली. ती तहानेने मान टाकते आणि मुळं सडल्यावरही मान टाकते, दोन्ही वेळा अगदी तशीच दिसते. तहानेची असेल तर पाणी घातल्यावर चार-पाच तासांत उभी राहते. तुमची उभी राहिली नाही आणि तुम्ही रोज पाणी घालत गेलात, म्हणजे मुळं सडली. पण ती मेमध्येच गेलीय आणि कुंडी अजून गॅलरीत आहे. आज संध्याकाळी ती वर्तमानपत्रावर उपडी करा. मातीत बोटं घालून खोडाचा बुडाचा गड्डा शोधा. मऊ, काळा असेल तर माती उन्हात पसरून वाळवा, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा, दोन्ही परत वापरता येतील. गड्डा टणक असला, नख लावल्यावर आत पांढरट दिसला, तर सडकी मुळं कात्रीने कापून टाका, एक दिवस सावलीत सुकू द्या, आणि निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळ खत व जाडी वाळू अशा मिश्रणात, लहान कुंडीत लावून पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवा. पाणी अगदी बेताचं. कोंब वर यायला महिनाही लागेल. शनिवारी खाली जाण्याआधी हे करून बघा, कारण गड्डा टणक निघाला तर यंदाच्या यादीतून पीस लिलीचे १८० रुपये वाचले.